सात नंबरचा हवालदार

पीण्या या कारखान्यांच्या भागाकडं निघालेल्या बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर खाकीतले एक अण्णा आणि त्यांच्या गल्लीतल्या सकवारअक्का बसल्या होत्या.

"अक्का, आमच्या पोरीनं, हर्षितानं, कॉलेजसाठी पोलिसांवर अभ्यास केला. आमच्याच ठाण्यावर."

"म्हणजे तुमच्यावरच की!"

"होय तर. नाक्यावर आम्ही कुणाला थांबवतो, झडतीत काय सापडतं, वर्षभराच्या नोंदी काढून बसली."

"काय निघालं?"

"सगळ्यात जास्त माणसं सात नंबरच्या हवालदारानं थांबवली. बहुतेक बाहेरगावचे कामगार, हातात जेवणाचा डबा. सापडलं काहीच नाही. चोऱ्या होत होत्या तिकडं बसस्टॉपवर, भर दुपारी."

"कोण हो हा सात नंबर?"

"अभ्यासात नावं लिहायची नसतात म्हणे, नुसते नंबर. पण मी ओळखलं. मीच तो."

"अय्यो! पोरीनं बापालाच धरलं?"

"स्वल्प राग आला. दोन दिवस बोललो नाही तिच्याशी. मग माझी डायरी काढून बघितली. पोरगी बरोबर होती."

"मग?"

"ठाण्याच्या साहेबांनी तिचा अभ्यास वाचला आणि आम्हाला बसस्टॉपवर हलवलं. महिन्यात तिघं चोर सापडले. आणि कामगार आता मला बघून रस्ता बदलत नाहीत."

"सरी, ठीक झालं. तुमचं नाव कुणाला कळलं नाही, तेवढं बरं झालं."

"कळलं की! परवा तिनं सगळ्या मोठ्या साहेबांपुढं अभ्यास वाचून दाखवला. सात नंबर आला तसा मी मागून उठून उभा राहिलो. म्हटलं, सर, तो हवालदार मी. आणि ही माझी मुलगी."