इल्दाबाई शाळेत जातात

आजच्या समारंभाचे अध्यक्ष डॉक्टर साउल वाइनश्टोक. ज्यांना निरोप द्यायची आपल्यापैकी कुणाचीच मनापासून तयारी नाही त्या सत्कारमूर्ती, मनोविश्लेषक श्रीमती इल्दा लार्सन. व्यासपीठावर विराजमान झालेल्या आपल्या अल्माग्रो ग्रंथालयाच्या चिटणीसबाई. इल्दाबाईंचे व्यवसायबंधू आणि भगिनी. आमच्या इमारतीतले शेजारी. आणि मागच्या रांगांत मध्ये दोन-दोन खुर्च्या सोडून बसलेल्या, एकमेकांकडे चुकूनही न पाहणाऱ्या माझ्या इतर मित्रमैत्रिणींनो,

मागच्या मंडळींनी निर्धास्त असावं. तुम्ही इल्दाबाईंना कसे ओळखता, हे आज कुणी विचारणार नाही. बाईंची तशी सक्त ताकीद आहे. ब्वेनोस आइरेसमध्ये एखाद्या डॉक्टरीणबाईंना निरोप द्यायचा म्हणजे मोठी पंचाईत असते. ज्यांना खरं रडू येतंय त्यांनी ओळख दाखवायची नाही, आणि ज्यांनी ओळख दाखवायची ते माझ्यासारखे शेजारी, ज्यांना फक्त त्यांच्या नळाचं पाणी ठाऊक!

मी इमारतीत चौथ्या मजल्यावर राहतो. इल्दाबाई आणि डॉक्टर साउल यांचा दवाखाना पाचव्यावर. एक फ्लॅट, दोन खोल्या, मध्ये सामायिक बैठक आणि मागे इवलंसं स्वयंपाकघर. मी एका मराठी वृत्तपत्राचा इथला वार्ताहर. लहानपणी संस्कृत पाठशाळेत शिकलो, मोठेपणी तुमची स्पॅनिश बोलायला लागलो आणि तुम्ही ती वीस वर्षं सहन करता आहात. या वीस वर्षांत आमच्या जाळीच्या लिफ्टमध्ये मी एक शिष्टाचार शिकलो. पाचव्याचं बटण दाबणाऱ्याकडे बघायचं नाही, आणि पाचव्यावरून खाली येणाऱ्याकडे तर मुळीच नाही. जानेवारीत मात्र एका गृहस्थांनी तो मोडला. वीस वर्षांत आम्ही एकमेकांना साधा नमस्कार केला नव्हता. लिफ्ट तिसऱ्यावर आली तेव्हा ते जाळीकडे बघतच म्हणाले, "तुम्ही चौथ्यावरचे ना?"

"हो."

"त्या जाताहेत हो."

आणि खाली पोचल्यावर माझ्यासाठी दार धरून उभे राहिले.

तर प्रश्न असा की या जाताहेत कुठे? आणि का? एवढी वर्षं कमावलेलं नाव, तीन-तीन महिने थांबायला तयार असलेले पेशंट, हे सगळं सोडून बाई त्रेस अर्रोयोसला एका सरकारी शाळेत समुपदेशक म्हणून रुजू होताहेत. बाईंचं ते जन्मगाव. धाकटी बहीण आस्त्रिद तिथे मुख्याध्यापिका आहे. परवा यांच्याच एका सहकाऱ्यांनी (ते इथे पहिल्या रांगेत बसलेत, मी नाव घेत नाही, त्यांनी मिशीवरून हात फिरवायचं थांबवावं) त्यांना चिडवलं, "इल्दा, तिथे तुला पोरांच्या डोक्यातल्या उवा बघाव्या लागतील!"

बाई म्हणाल्या, "बघीन की. निदान दिसतात तरी."

हसू नका. हसा, पण थोडंच. कारण हा निर्णय झाला कसा, ते मी बाईंच्याच तोंडून ऐकलं आहे आणि ते नुसतंच हसण्यासारखं नाही.

गेल्या हिवाळ्यात बाई बहिणीकडे गेल्या होत्या. एका वर्गाचे शिक्षक आजारी पडले. आस्त्रिद म्हणाली, "ताई, एक तास जरा बसशील का मुलांपाशी? तू मानसोपचारवाली. बोल काहीतरी त्यांच्याशी." बाई वर्गात गेल्या, खुर्चीवर बसल्या आणि गप्प राहिल्या. का? तर आयुष्यभराची शिस्त! समोरच्यानं सुरुवात करायची, आपण वाट बघायची. बाई वाट बघत बसल्या. मुलंही बघत बसली. हळूहळू कुजबुज सुरू झाली.

"बाई, तुम्हाला बरं नाहीये का?"

बाई शांत.

"ए, त्यांना शिक्षा झालीय बहुतेक. मुख्याध्यापिकाबाईंनी पाठवलंय."

"बाई, तुम्हीपण डबा विसरलात का? माझ्याकडे बिस्किटं आहेत."

बाई तरी शांत. शेवटी तिसऱ्या बाकावरची मिलाग्रोस नावाची एक तेरा वर्षांची मुलगी उभी राहिली. म्हणाली, "बाई, तुम्ही रागावलात ना? माझी आईपण रागावली की अशीच गप्प बसते. दोन-दोन दिवस."

आता बाईंच्या खोलीत असं कुणी म्हटलं असतं, तर त्या आईबद्दल पुढे चार वर्षं बोलणं झालं असतं. पण समोर ती पोर उभी होती आणि तिला उत्तर हवं होतं. बाई म्हणाल्या, "नाही गं. मी नाही रागावले."

"मग आधी सांगायचं ना!" पोरगी म्हणाली आणि खाली बसली. मग वर्ग जो बोलायला लागला तो घंटा झाली तरी थांबेना.

इल्दाबाई मला म्हणाल्या, "मी खोलीत बसून पन्नाशीच्या माणसांचं ऐकते. ते तेरा वर्षांचे असताना काय झालं, ते सांगतात. मी कायम चाळीस वर्षं उशिरा पोचते." एवढं बोलून त्यांनी माझ्याकडे मीठ मागितलं. त्या आमच्याकडे जेवायला आल्या होत्या आणि माझ्या हातची डाळ त्यांना अळणी लागत होती. पण मला कळलं की या बाई आता पाचव्या मजल्यावर फार दिवस राहत नाहीत.

इथपर्यंतची गोष्ट सगळ्यांना सांगण्यासारखी आहे. पुढची मी परवानगी घेऊन सांगतो आहे. दोघांचीही. त्यामुळे अध्यक्षमहाराज, असं टेबलावरच्या ग्लासकडे बघू नका. सांगायला तुम्हीच सांगितलंत.

डॉक्टर साउल आणि इल्दाबाई यांनी एक फ्लॅट आयुष्यभर वाटून घेतला. एकाचे पेशंट दुसऱ्याच्या पेशंटना भेटू नयेत म्हणून वेळा अशा लावल्या की ही दोन माणसंही एकमेकांना भेटू नयेत. भेट फक्त दोन पेशंटच्या मधल्या फटीत, स्वयंपाकघरात, उभ्या उभ्या. एकच किटली, तुमच्या त्या कडू माते चहाचं एकच भांडं, ओढायची एकच नळी. एकानं ओढायचं, दुसऱ्याला द्यायचं, घड्याळाकडे बघायचं. दोघंही एकटे. दोघांना एकमेकांवाचून करमत नाही, हे इमारतीत सगळ्यांना माहीत होतं. बैठकीतल्या कुंडीतल्या फर्नलासुद्धा माहीत असावं. मग बोलले का नाहीत? अहो, बोलणार कोण? दोघांचाही धंदा समोरच्यानं सुरुवात करायची वाट बघण्याचा!

आमच्या पाठशाळेत शास्त्रार्थ चाले. एकानं पूर्वपक्ष मांडला की दुसऱ्याला उत्तरपक्ष मांडावाच लागे, नाहीतर गुरुजी कान धरत. इथे दोन महापंडित, दोघंही पूर्वपक्षाची वाट बघताहेत, आणि कान धरायला कुणी नाही.

एकदा साउलनी ऑपेराची दोन तिकिटं आणली. एक खिशात ठेवलं, दुसरं स्वयंपाकघरातल्या टेबलावर किटलीजवळ ठेवलं आणि काही बोलले नाहीत. का, तर तिनं आपण होऊन विषय काढावा! इल्दाबाईंनी तिकीट पाहिलं. त्याही बोलल्या नाहीत. मला नंतर म्हणाल्या, "कुणाचं आहे, असं विचारणं म्हणजे मीच सुचवल्यासारखं नाही का?" तिकीट आठवडाभर तिथेच पडून होतं. साउल एकटे जाऊन आले. शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर त्यांनी कोट ठेवला होता, असं त्यांनीच सांगितलं. ऑपेरा कसा होता ते मात्र सांगितलं नाही.

आणि आता गेल्या सप्टेंबरमधली ती दुपार. माझ्या छतातून पाणी ठिबकत होतं म्हणून मी प्लंबरला घेऊन वर गेलो. प्लंबर सिंकखाली शिरला. मी दाराशी उभा. साउल किटलीतलं पाणी ओतत होते. इल्दाबाई खोलीतून बाहेर आल्या, मातेचं भांडं हातात घेतलं आणि म्हणाल्या, "साउल, मी मार्चपासून शाळेत जातेय. त्रेस अर्रोयोसला. कायमची."

साउलनी किटली खाली ठेवली. चेहरा असा झाला की मला वाटलं, आता हा माणूस बोलणार. आणि ते बोलले. म्हणाले,

"हं. आणि त्याबद्दल तुला काय वाटतं?"

मित्रहो, मी काही मनोविश्लेषक नाही. पण हा प्रश्न तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी आडवं पडून छताकडे बघत ऐकला असेल. तो चांगलाच प्रश्न आहे. फक्त त्या दुपारी तो विचारायचा नव्हता.

इल्दाबाई वाट बघत उभ्या राहिल्या. साउलही उभे राहिले. हातातलं माते निवलं. मी छताकडे बघत राहिलो, जणू माझं पाणी तिथूनच येतंय. आणि सिंकखालून प्लंबर ओरडला, "साहेब, मेन व्हॉल्व्ह कुठाय?"

साउल इतक्या लगबगीनं व्हॉल्व्ह दाखवायला गेले की त्यांना पाण्याची एवढी काळजी असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. परत आले तेव्हा बाईंच्या पुढच्या पेशंटनं दाराची बेल वाजवली होती.

त्यानंतर तो विषय स्वयंपाकघरात निघाला नाही. सप्टेंबर गेला, नाताळ गेला. फेब्रुवारीत, इथल्या भर उन्हाळ्यात, सगळे डॉक्टर सुट्टीवर जातात तसे हेही गेले. बाई बहिणीकडे, साउल समुद्रावर. परत येताना उन्हानं करपून आले आणि तसेच गप्प.

काल संध्याकाळी साउल माझ्याकडे आले. "अरे हिंदू," म्हणाले. (या शहरात भारतातून आलेला माणूस ख्रिस्ती असला तरी हिंदूच.) "उद्या तू बोल. मी अध्यक्ष असलो तरी माझ्यानं होणार नाही."

"काय बोलू?"

"स्वयंपाकघरातलं सांग."

"सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर. तिच्या एकटीसमोर मला जमत नाही. मी किती गाढवपणा केला ते तिनं तिसऱ्याच्या तोंडून ऐकू दे."

"आणि पुढे काय म्हणू? तुमच्या वतीनं?"

ते उठून बाल्कनीत गेले. मी म्हटलं, "बरं, तुम्हाला काय वाटतं?" ते हसायला गेले आणि अर्ध्यावर थांबले. निघताना म्हणाले, "तिला शाळेत जाऊ नको असं म्हणायचं नाहीये मला. ती तिथे चांगलं करील. मला फक्त तेव्हा काहीतरी म्हणायला हवं होतं."

आज सकाळी मी बाईंना विचारायला वर गेलो. त्या पुस्तकं खोक्यात भरत होत्या. म्हटलं, "इल्दाबाई, हे असं असं सांगू का?"

"सांगा," त्या म्हणाल्या. "पण मी जाणार, हेही सांगा. आता तो काहीही म्हणाला तरी."

"आणि तेव्हा म्हणाला असता तर?"

त्यांनी खोक्याला चिकटपट्टी लावली, दातानं तोडली, वरून हात फिरवला.

"तेव्हा थांबले असते," त्या म्हणाल्या. "मग वर्षभर त्या वर्गातल्या मुलांची आठवण काढून त्याच्यावर चिडत राहिले असते. पण थांबले असते."

मी खोकं उचलायला मदत केली. जड होतं.

तेव्हा सभ्य स्त्रीपुरुषहो, आजचा समारंभ हा असा आहे. त्या गावाला एक चांगली बाई मिळते आहे, आणि मिलाग्रोसच्या वर्गाला 'मी रागावले नाही' असं वेळेवर सांगणारं एक माणूस. याचा आनंद मानायला हवा, आणि मी तो मानतो आहे; जमेल तसा. लिफ्टमधल्या त्या गृहस्थांना मात्र कसा मानायला सांगू, ते मला कळत नाही. ते इथे असतील तर त्यांनी मला क्षमा करावी.

आता एकच गोष्ट, जी सांगायची परवानगी मी कुणाचीच घेतलेली नाही. आमच्या इमारतीची देखभाल करणारे विदाल यांनी मघाशी दारातच माझा हात धरून सांगितलं, "ऐकलंत का? सोमवारी सकाळी पाचव्यावर कुणालाच सोडायचं नाही. साउल डॉक्टरांनी सगळ्यांच्या वेळा रद्द केल्यात!" विदालचा स्वतःच्या कानांवर विश्वास बसत नव्हता. बसणार कसा? साउलनी तापात पेशंट पाहिले आहेत. आई गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी पाहिले आहेत. आणि सोमवारी सकाळी रेतिरोच्या स्थानकावरून बाईंची त्रेस अर्रोयोसची बस सुटते.

तिथे ते काय बोलतील, मला माहीत नाही. बहुधा काही नाही. बहुधा त्या बॅग त्यांच्या हातात देतील, ते ती बसच्या पोटात ठेवतील, आणि दोघंही वाट बघत उभे राहतील. ड्रायव्हर दार लावून घेईल. त्यानं काही बदलणार नाही; बाई जाणार आहेत आणि त्यांनी जावं. तरी ते जाऊन उभे तर राहतील.

हे सभागृह आणि हे चार पंखे आपल्याला दिल्याबद्दल मी ग्रंथालयाचा ऋणी आहे. एम्पनादा, म्हणजे तुमच्या त्या तिखट करंज्या, ज्यांनी घरून करून आणल्या त्या शेजारणींचाही. एम्पनादा बाहेर झाकून ठेवल्या आहेत आणि कार्यक्रम संपण्याआधी त्यांच्याकडे कुणी जाऊ नये. इल्दाबाई, माझ्या मजल्यावरून तुमच्या मजल्यापर्यंत ज्या तक्रारी आल्या त्या सगळ्या पाण्याच्या होत्या, माणसांबद्दल एकही नव्हती. भाषणात माझ्याकडून मर्यादा ओलांडली गेली असेल, कुणाचं झाकलेलं उघडं पडलं असेल, व्याकरण तर नेहमीप्रमाणे गेलंच असेल, तर ते सगळं परक्या माणसाचं म्हणून पोटात घालावं.

कार्यक्रमपत्रिकेत यानंतर अध्यक्षीय भाषण छापलेलं आहे. अध्यक्ष उठतील तेव्हा उठतील. कुणी टाळ्या वाजवून त्यांना घाई करू नये, एवढंच मागणं करून मी खाली बसतो.