पुस्तकाला आधी किराळ इचारली

मपलं नाव गयाबाई. माहेर ताडकळसच्या बाजूचं, सासर हितं पालमच्या खाली, नदीच्या कडंला. काय सांगू तुमाला ताई, मेंढराबिगर आमाला दुसरं काही आलंच न्हाई. बाप मपला मेंढरामागं जलमला आन मेंढरामागंच गेला. शाळेच्या भिंतीला टेकून बसला आसंल, आत कधी गेला न्हाई, पर लेंडी बोटात चुरून सांगायचा की ह्या मेंढीच्या पोटात काय चाललंय ते. कान हातात धरायचा आन म्हनायचा, गये, हा कान बग, थंड हाय, हिला आज रानात नेऊ नको. मी म्हनायचे कामून, तर म्हनायचा कामून ते मला ठाव न्हाई, पर नेऊ नको. आसं व्हतं ते. तो गेला तवा त्याच्या मागं कागदाची एक चिठ्ठी राह्यली न्हाई, मपल्या डोक्यात जेवढं राह्यलं तेवढंच.

लग्न करून हितं आले. दोन एकर कोरडवाहू आन तीसेक मेंढरं. मालक शेतीचं बगतेत, मेंढरं मपल्याकडं. लेक टेम्पोवर आसतो, घरी कमीच. सून सुनीता, दहावी पास, लय गुनाची हाय, तिचं पुढं सांगते.

तर दोन सालामागं काय झालं, पावसाळा सरत आला व्हता आन नदीचं पानी मागं हटलं की तितं कवळं गवत येतं, मेंढरं तितंच पळतेत. पंधरा दिसांत मेंढराच्या जबड्याखाली पानी उतरायलं, पिशवी लोंबल्यावानी. मला ठाव व्हतं की हे जंताचं हाय, बापानं दावलेलं. जनावराचे डॉक्टर रजेवर गेलेले. मग मीच यष्टीत बसून पालमला गेले, दुकानातून जंताच्या औषधाची बाटली आनली. किती पाजू म्हनलं, तर दुकानवाला दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं बगत म्हनला, झाकन झाकन पाज. सुनीता तवा बाळतपनाला माहेरी. बाटलीवर मुंगीएवढी अक्षरं, मला मपलं नाव लिव्हता येतंय, बाकी काही न्हाई. पाजलं समद्यांला. एकेकीचं तोंड वर धरून ह्याच हातानं पाजलं.

सूज उतरली ना ताई! मी तर लय खुश झाले. मालकाला म्हनलं बगा, डॉक्टरची गरजच न्हाई. आन मग आठ-दहा दिसांनी एक गाभडली, कच्चंच पडलं. मग दुसरी. चार मेंढ्या गाभडल्या. ज्या टिकल्या त्या पुढं व्याल्या, तर एका कोकराचे पुढचे पाय मुडपलेले, आडकित्त्यावानी. त्याला उचलून आईच्या सडाला लावायचे, ते तोंड पुढं करायचं आन पडायचं, पुन्ना उचलायचे, पुन्ना पडायचं. एक दिस जगलं. दुसऱ्यानं तर डोळेच उघडले न्हाईत.

भावकीतले म्हनले नजर लागली, कुनी म्हनलं देवीचं राह्यलंय काहीतरी. मालक काहीच म्हनले न्हाईत. ते बोलले आसते तर बरं झालं आसतं.

डॉक्टर आले मग. शांत मानूस. बाटली फिरवून फिरवून वाचली आन म्हनले, मावशी, ह्या तवा गाभन व्हत्या का, नुकत्याच लागलेल्या? म्हनलं व्हय. तर म्हनले, हे औषध कवळ्या गाभाला चालत न्हाई, त्यानंच झालं आसं मी छातीठोक सांगत न्हाई, पर बाटलीवर तसं लिव्हलंय. लिव्हलंय! म्हंजी देवी न्हाई, नजर न्हाई, बाटलीवर लिव्हलेलं व्हतं आन मी ती हातात धरून उभी व्हते. डॉक्टर म्हनले, मावशी, मपल्याकडं लय गावं हायेत, मी दरयेळी पोचनार न्हाई, घरात एक पुस्तक ठेवा. म्हनलं कोनतं? तर म्हनले तुमाला समजंल ते.

मालकानं पुस्तक ठेवा एवढंच ऐकलं. सेलूला पाव्हन्याकडं गेले आन येताना हे एवढं जाडजूड पुस्तक घेऊन आले, वर चकचकीत कव्हर, त्याच्यावर पांढरीशुभ्र फुगलेली मेंढी, आपल्याकडं कुनी पाह्यली बी नसंल आशी. नुस्तं मपल्या पुढ्यात ठेवलं. मला रडूच आलं. मी त्याला हळद-कुंकू लावलं. सुनीता तवर बाळाला घेऊन आलेली, ती वाचायला बसली, सदर व्याधीचा प्रादुर्भाव, आन प्रतिबंधात्मक उपाययोजना, आन काय काय. दोन पानं व्हईस्तवर मालक घोरायले. मी म्हनलं सुनीता, ह्याच्यात किराळ बग. किराळ म्हंजी ताई, ज्वारी काढली की खोडाला जी कवळी फूट येते ना, ती मेंढरानं खाल्ली की तोंडाला फेस येऊन घडीभरात मरतंय, आमच्याकडं लेकराला बी ठाव आसतंय. सुनीतानं पुढून पाह्यलं, मागून पाह्यलं, ज्वारीचं नावच न्हाई. मोठ्या गोठ्यातली मेंढरं व्हती त्या पुस्तकातली, बसल्या जागी खानारी. म्हनलं, ज्याला ज्वारी ठाव न्हाई ते मपल्या मेंढराला काय वळखंल.

पर त्याच्यावरनं मला एक अक्कल आली बगा. जे मला ठाव न्हाई ते पुस्तकाला इचारलं तर ते खरं सांगतंय का खोटं, मला काय कळनार? मग जे ठाव हाय तेच आधी इचारावं. तितं खरं निगालं तर बाकीचं मानावं.

मग परभनीला शेतीचं प्रदर्शन भरलं, तवा आमी दोघी गेलाव, बाळाला आजोबाजवळ ठेवून. पुस्तकाच्या दुकानावर ही गर्दी. मी पहिलंच उचललं ते पातळ व्हतं, रंगीत, अक्षर मोठं. सुनीतानं चार रोग वाचले, चारीला औषध एकाच कंपनीचं. म्हनलं ठेव, ही जाहिरात हाय. मग एक मधल्या अंगाचं निगालं, कव्हर मळकं, आत काळ्या शाईची चित्रं. मी म्हनलं किराळ काढ. दुकानवाला म्हनला बाई, घ्यायचं आसंल तर घ्या, मागं लोक खोळंबलेत, तुमाला वाचता तरी येतं का? तर मपली सुनीता, जी घरात वर मान करून बोलत न्हाई, ती म्हनली, मला वाचता येतं आन त्यांला मेंढरं वाचता येतेत, दोघीला पटल्याबिगर आमी घेनार न्हाई. मागचा एक म्हातारा मेंढपाळ हसला, म्हनला बगू द्या त्यांला, मला बी ऐकायचंय.

आन ताई, त्या पुस्तकाच्या सुरवातीलाच यादी व्हती, रोगाच्या नावाची न्हाई, आपल्याला जे दिसतंय त्याची. मेंढी लंगडते. मेंढीच्या तोंडाला फेस. गळ्याखाली सूज. फेसाच्या पानावर किराळ निगाली, ज्वारीच्या खोडाच्या चित्रासकट. म्हनलं आता गळ्याखालची सूज काढ. तिनं काढलं, आन वाचता वाचता थांबली. मपल्याकडं बगायली. म्हनलं वाच की. तर काळ्या चौकटीत लिव्हलेलं, मेंढ्या गाभन आसतील तर कोनतंबी जंताचं औषध डॉक्टरला इचारल्याबिगर पाजू नका. सुनीताच्या डोळ्यात पानी. ती म्हनली आत्या, मी तवा घरी आसते तर. मी म्हनलं तू बाळतपनाला गेली व्हतीस, पाप करायला न्हाई. म्हाताऱ्यानं बी एक घेतलं, म्हनला मपली नात वाचंल.

मग औंदा काय झालं, पुन्ना तेच. तीन मेंढ्यांच्या जबड्याखाली पानी. मी सुनीताला हाक मारली. सुनीतानं पुस्तक काढलं, पान काढलं, आन डॉक्टरला फोन लावून एकेक गोष्ट सांगितली, पापनीच्या आतली कड पांढरी पडली, लेंडी आशी, एवढ्या गाभन, एवढ्या न्हाईत. डॉक्टर म्हनले बरं झालं थांबलात. दुसऱ्या दिशी स्वता आले, गाभनीला वेगळं औषध दिलं, किती पाजायचं ते अंदाजानं न्हाई, वजनावर. मी गाभनीच्या पाठीवर गेरूचे पट्टे वढले व्हते, एकीला चुकून बी दुसरं जाऊ न्हाई म्हनून.

मग मेंढ्या व्यायचे दिस आले. पहिली व्याली ती सकाळी, उन्हं अंगनात आल्यावर. कोकरू खाली पडलं आन मी त्याला पुसायच्या आधी चारी पाय चाचपले. सरळ. पुन्ना चाचपले. सुनीता म्हनली आत्या, किती येळा बगता, ते उभं राहायलंय बगा. आन ते राह्यलं उभं, लटपटत, आन गेलं आईकडं. मालक दारातून बगायले व्हते, आत आले, मपल्याजवळ बसले आन म्हनले, आता उठ, भाकर खा, सकाळपासून पोटात काही न्हाई तुज्या. त्या एका बोलन्यासाठी मी दोन वर्सं थांबले व्हते ताई.

एकामागं एक समद्या व्याल्या. एक कोकरू मरून निगालं, ते आडवं आलेलं, त्याला पुस्तक काय करनार आन डॉक्टर काय करनार. मरायचं ते मरतंच. पर कशानं मेलं ते ठाव आसलं की मानूस सोताला खात न्हाई. आता वाडीवरच्या बाया येतेत, म्हनतेत सुनीता, जरा लंगडीचं पान काढ. ती काढती, मी मेंढीचा पाय बगते. पुस्तकाला शेनाचे डाग पडलेत, एक कोपरा कोकरानं चावलाय, राहू द्या.

आता मेंढरं रानात हायेत, मालक गेलेत संगं. पयले मी आशी बसले आसते का, मन समदं त्यांच्या मागं पळायचं, कोन काय खायलंय, कुनाचं पोट फुगलंय. आज बगा, सकाळधरनं तुमच्याशी बोलायले आन एकदा बी वाटंकडं बगितलं न्हाई. सुखी राहा ताई, तुमच्या घरादारात समदे धडधाकट राहोत. उठू नका आत्ताच, सुनीता चुलीवर च्या टाकायली.