मारिसेल आम्हाला बघायला आली

नाही, पण मला एक सांगा, पगार आम्ही देणार, खोली आम्ही देणार, मग मुलाखत कुणाची? आमची? अहो, आमचीच झाली! तुम्हाला सांगतो, इथे सिंगापुरात कामाला येणारी बाई घरातच राहते, त्यामुळे नीट बघून घ्यावी लागते, कबूल. त्यात शनिवारी आई पुण्याला परतणार, सोमवारी आमची बायको निशिगंधा वन-नॉर्थला नव्या नोकरीवर जाणार, आणि चिरंजीव निहार, वय वर्षं चार, त्याला माझ्या भरवशावर ठेवायला कुणीच तयार नाही... मीसुद्धा! म्हणून त्याआधीच्या रविवारी मारिसेलला बोलावलं. फिलिपिन्सची. तोआ पायोहच्या ज्या घरी कामाला होती ते लोक सिंगापूर सोडून निघालेले.

मी ऑफिसात माणसं निवडतो हो, प्रश्न तयार होते माझे! पण सकाळी बघतो तर आई कांदे चिरतेय. "आई, हे काय?" "बघायचा कार्यक्रम ना? मग पोहे नकोत?" "अगं, नोकरी आहे ती!" "तेच ते. तू आधी बरा शर्ट घाल." घातला!

मारिसेल आली, आई तिला खेटून बसली, आणि मी? मी दुभाषा! "भावंडं किती विचार. स्वयंपाक... राहू दे, शिकेल. गाणं येतं का विचार." गाणं? विचारलं बापड्यानं. आणि ती गायली हो! उभी राहून, टीव्हीच्या रिमोटचा माइक करून! निहार नाचतोय, आईला एक शब्द कळत नाही पण डोळे पुसतेय, "गळा गोड आहे रे पोरीचा..."

मग पोरगी वळली माझ्याकडे. "सर, यू कुक?" म्हटलं, चहा. "यू वॉश कप?" मी निशिगंधाकडे बघितलं, ती पंख्याकडे. "सर शाउट?" तर आमचं कार्टं, पक्क्या सिंगापुरी बोलीत, "फुटबॉल टाइम ओन्ली लाह!" आणि मुलाखत म्हणे आमच्याकडे होती!

निघताना आईनं कुंकू लावून हातात नारळ ठेवला. मारिसेल म्हणाली, "थर्सडे आय टेल यू, मॅडम. टू मोर फॅमिली." म्हणजे अजून दोन स्थळं!

गुरुवारपर्यंत घर नुसतं फोनकडे बघत होतं. निहार झाल्यापासून निशिगंधा घरात अडकलेली. एकदा हळूच म्हणाली, "नाही आली तर मी ऑफिसला नको म्हणून कळवते." तिनं साडीला इस्त्रीसुद्धा करून ठेवली होती हो...

आला फोन! "मॅडम व्हेरी नाइस. ग्रँडमा, आय लव्ह. बॉय सो क्यूट. आय कम फ्रायडे!" निशिगंधानं मला घट्ट मिठी मारली, आई साखर वाटत सुटली, आणि मला नसती हौस, मी विचारलं, "अँड सर?"

तिकडून, "सर... कॅन लाह."

आई म्हणाली, काय म्हणाली रे? काय सांगू? आमच्या लग्नाच्या वेळी सासूबाई जे म्हणाल्या होत्या तेच. "घर चांगलं आहे, माणसं चांगली आहेत, मुलगा... चालेल."

आणि मुलाखत म्हणे आमच्याकडे होती! कप? धुतो हो. जमलेलं मोडायला नको.