भूपेशचे केस

रेवताबाई : कात्री खाली ठेव, कमलेश.

कमलेश : रेवताकाकी, देवाशपथ, एक केस नाही कापला अजून. फक्त पाणी मारलं. तुमचाच पोरगा येऊन खुर्चीत बसला, म्हणे शटर अर्धं खाली घे आणि जल्दी उरकून टाक.

रेवताबाई : शटर खाली घेऊन? म्हंजे चोरी होय का बाबू हे?

भूपेश : चोरी कायची माय, माहेच केस आहेत. तुले कोणं सांगतलं?

रेवताबाई : खुशबू तुह्या शर्टाले इस्त्री करून राहिली होती. म्हनलं, भाऊ कुठं गेला, तं मान खाली घातली. त्या पोरीले खोटं बोलता येत नाही.

भूपेश : माय, उद्या सकाळी वरठीहून गाडी आहे. परवा पुण्याले मुलाखत. नीटमधे इतके मार्क पडले म्हणून फौजेच्या मेडिकल कॉलेजनं बोलावलं. तिथं पाठीवर केस सोडून कोणी जाते का?

रेवताबाई : सोडून नोको जाऊ. मी घट्ट बांधून देतो.

कमलेश : अंबाडा?

रेवताबाई : तू चूप राय. वरून टोपी घालजो, बाबू.

भूपेश : साहेबासमोर टोपी काढा लागते.

रेवताबाई : मंग सांगजो, मायचा नवस हाय. त्याईलेबी माया असतीनच ना.

भूपेश : नवस काय आहे तूच सांग. डॉक्टरीत नंबर लागला का मोहाडीच्या देवीसमोर केस उतरवाचे, तोवर कात्री लावाची नाही. बरोबर? म्हणजे नंबर लागेपर्यंत केस कापता येत नाही, आन केस कापल्याबिगर नंबर लागत नाही. आता कसं करू?

कमलेश : बडा चक्कर आहे बाप्पा. काकी, बीच का रास्ता सांगू? बाकी बारीक करतो, देवीच्या नावानं एक लट ठेवतो कानामागं. कोणाच्या बापाले दिसणार नाही.

रेवताबाई : देवीले अर्ध्यात निपटवतं का? भाजीवाली होय का ते?

भूपेश : माह्या दोस्तानं, सचिननं बूट दिले. एक नंबर मोठे आहेत, पंज्यात कापूस कोंबला. टाय या कमलेशच्या लग्नातला. बाबानं दाढीचा नवा ब्रश आणला, त्याईले वाटते दाढी घोटली का पोरगा डॉक्टर झालाच. सारं गाव मले सजवून राहिलं माय, आन तू एकटी कात्रीसमोर उभी आहे.

रेवताबाई : मीबी तुह्यासाठीच उभी हाय.

भूपेश : माहीत आहे. ठीक आहे, नाही कापत. कमलेश, टॉवेल काढ.

कमलेश : पागल झाला का? दोन साल डोळे फोडून अभ्यास केला, आणि आता जोगी बनून जातो साहेब लोकांसमोर?

भूपेश : जाऊ दे ना. पहिल्या खेपी नंबर नाही लागला तवा मी कोणाले न सांगता पळून गेलो. हैद्राबादले विटा उचलत होतो, फोन बंद ठेवून. इकडं बाबा जाळं टाकाचं सोडून तलावाच्या पारीवर नुसते बसून राहत. मायच्या पोटात अन्न जात नोहोतं. परत आलो तं एका शब्दानं बोलली नाही मले. मांगतले ते फक्त केस. तेवढं तरी देतो. मुलाखतीत फेल तं फेल.

रेवताबाई : असं नोको बोलू.

भूपेश : रागानं नाही बोलून राहिलो माय. हे रबर घे. तूच बांध, तुह्या हातानं चापून बसतात.

कमलेश : काकी? बांधा ना. हात काहून थांबला?

रेवताबाई : कमलेश, चहा सांगून ये जरा.

कमलेश : माझ्याच दुकानातून मलाच बाहेर. जातो बाप्पा.

रेवताबाई : बाबू, मागं नोको पाहू. आरशातबी नोको पाहू. तिकडं कॅलेंडर लटकलं हाय, ते पाय.

भूपेश : काय झालं माय?

रेवताबाई : नवस डॉक्टरीचा नोहोता.

भूपेश : मंग?

रेवताबाई : तू पळाला तवा मी घरून अनवानी मोहाडीले गेली. देवीले म्हनलं, डॉक्टर नोको, काहीच नोको, माहा पोरगा घरी येऊ दे. तो दारात दिसला का तुह्यासमोर त्याचे केस उतरवतो. आन तू आला.

भूपेश : म्हणजे नवस तवाच पुरा झाला.

रेवताबाई : तवाच. दुसऱ्या दिवशी फेडाचा होता. माह्याच्यानं झालं नाही. वाटलं, फेडला का तिचं काम सपलं, मंग तुह्यावर ध्यान कोन ठेवीन? आपलं काही देनं बाकी असलं का तिचं लक्ष राहते. म्हनून तुले डॉक्टरीचं नाव सांगतलं. लबाडी केली मी. तुह्यासंगबी केली, देवीसंगबी केली.

भूपेश : माय, क्लासमधे पोरं मले वहिनी म्हणत.

रेवताबाई : माहीत हाय. खुशबूनं सांगतलं होतं.

भूपेश : तवा तरी बोलाचं होतं.

रेवताबाई : बोलली असती तं तू कापून आला असता. आन मंग पुन्हा निघून गेला असता तं? मले रातभर झोप नाही लागे. उठून तुह्या उशाशी येऊन बसे. केसाले हात लागला का वाटे, हाय, घरीच हाय.

भूपेश : मी देवीमुळं नाही आलो परत.

रेवताबाई : मंग काहून आला?

भूपेश : एका दिवशी ठेकेदाराच्या बायकोनं झिंगे रांधले. पहिला घास घेतला आन मले रडाले आलं. तुह्यासारखे नोहोते ते. त्याच राती गाडीत बसलो.

रेवताबाई : झिंगेबी देवीनंच रांधाले लावले असतीन.

भूपेश : असतीन. पण माय, आता तं मी सांगूनसवरून जाऊन राहिलो. नंबर लागला तं पाच वर्ष पुण्याले राहीन. किती दिवस बाकी ठेवशीन?

रेवताबाई : तेच पाहून हात थांबला. म्हनलं, रेवता, पोरगा तं राजीखुशीनं केस देऊन राहिला, आन तू त्याचा जलम घेऊन राहिली. चाल, ऊठ. मोहाडीले चाल.

भूपेश : आता?

रेवताबाई : दिवस बुडाच्या आत. कमलेश, आत ये, चहा राहू दे. वस्तरा घे संग.

कमलेश : वस्तरा? म्हणजे फुल सफाचट? काकी, परवा मुलाखत आहे त्याची.

भूपेश : फौजी लोक आहेत, टकल्याले पाहून खुशच होतीन. गाडीत पेट्रोल आहे का?

कमलेश : आहे. काकी, तुम्ही मधात बसा. आणि पदर खोसून घ्या, चाकात जाईल.

(मोहाडीच्या देवळामागं ओट्यावर भूपेश मांडी घालून बसला आहे, गळ्याभोवती कमलेशच्या दुकानातला तोच टॉवेल.)

कमलेश : मान खाली. हलू नको बे, देवीच्या दारात रक्त नाही काढायचं मले.

रेवताबाई : थांब. पहिली बट मी कापतो.

कमलेश : कापा काकी. हां, झालं. आता बाजूले व्हा, डोळे पुसा, उजेड चालला.

भूपेश : माय, थंडं लागून राहिलं डोक्याले. कसा दिसतो?

रेवताबाई : जावळ काढलं तवा असाच दिसे. कान पुरे तुह्या बाबाचे हायेत, केसात दडून होते इतके दिवस.

भूपेश : साहेब पसंत करतीन?

रेवताबाई : नाही केलं तं घरी येजो. न पळता येजो, एवढंच.

भूपेश : येतो. पण देवीसमोर नवा नवस तं नाही ना बोलली?

रेवताबाई : नाही.

भूपेश : मंग हात जोडून इतका वेळ काय पुटपुटून राहिली होती?

रेवताबाई : काही नाही. म्हनलं, आता तुहं माहं काही बाकी नाही. तरीबी पोराकडं पाहत जाजो.