होडीतला ठिय्या

चहा निवला तर निवू दे, आधी हे ऐक. आमचं गाव उजनी धरणाच्या काठावर. या खेपेला मतदान केंद्र हलवलं ते थेट पाण्यापलीकडच्या गावात. आमी तक्रार केली, की पोहता न येणाऱ्यांनी मताला जायचं कसं, तर निवडणुकीचे साहेब फोनवर म्हणतात, "होडीनं जायचं, त्यात काय!"

माझं टाळकंच सणकलं. पण मासे धरणारी कौसाक्का म्हणाली, "मग ठिय्याबी होडीतच मारू. निवेदन घ्यायला येऊ द्यात साहेबांना."

साहेब आले. काठाच्या होड्यांत सगळं गाव बसलेलं, हलगी कडाडत होती. निवेदन घ्यायला साहेब बुटासकट कौसाक्काच्या होडीत चढले. मी आधीच तिथं बसलो होतो. तिनं लगेच दोर सोडला.

"चला साहेब, केंद्र बघून येऊ. होडीनं जायचं, त्यात काय!"

पाण्याच्या मधोमध वारं सुटलं. होडी अशी हेलकावे खायला लागली, की मीबी कड धरली. साहेबांनी तर दोन्ही हातांनी फळी धरली.

"अहो बाई, मागं फिरवा! मला पोहता येत नाही!"

कौसाक्कानं वल्हं थांबवलं न्हाई. म्हणाली, "मग साहेब, तुमचंबी मत गेलं."