शर्वाणीबाईंनी थांबवलेली सही

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा आणि मला सांगा — मोठ्यांच्या पंगतीत पाट मिळाला, की माणसानं काय करावं? मुकाट जेवावं? की शेजारच्याचं ताट रिकामं आहे का, ते बघावं? ऐका!

वेंगुर्ल्याच्या शर्वाणी तोरसकर. परराष्ट्र खात्यातल्या अधिकारी. वीस वर्षं परदेशात बैठकांना गेल्या — मागच्या रांगेत! बडे देश बोलायचे, या टिपणं काढायच्या. आणि एके वर्षी दोन छोट्या देशांचं नदीवरून भांडण पेटलं. सीमेवर बंदुका आल्या! दोघंही म्हणाले, "मध्यस्थ भारतच हवा." खुर्ची कुणाला? शर्वाणीबाईंना! आईनं गावभर पेढे वाटले हो!

बैठकीला एका बड्या देशाचा प्रतिनिधी मसुदा तयार करूनच आला. "बाई, दुपारपर्यंत सह्या उरका. पत्रकार थांबलेत."

नदीच्या खालच्या देशाचे मंत्री ओबेरू — सत्तरीचे गृहस्थ — पेन उघडून बसले. पण नजर कागदावर नाही! शर्वाणीबाईंनी विचारलं, "आपण वाचलंत?"

म्हातारा ओशाळला. दुभाषी म्हणाला, "मसुदा सकाळीच मिळाला, तोही इंग्रजीत. यांना फक्त फ्रेंच येतं."

आता काय करायचं? दिल्लीहून वरिष्ठांचा फोन — "पहिल्यांदाच मान मिळालाय, सांभाळून!" बाईंच्या मनात आलं — उशीर झाला आणि तिकडे गोळी सुटली तर?

तरी त्या उभ्या राहिल्या. "भाषांतर होईपर्यंत सही नाही. तोवर दोघांनीही फौजा मागे घ्याव्यात."

"ही खुर्ची पुन्हा मिळायची नाही!" बडा प्रतिनिधी गुरगुरला.

"नाही तर नाही," बाई म्हणाल्या.

फौजा हटल्या. भाषांतर आलं — आणि निघालं काय? कलम सतरा : उन्हाळ्यात तीन महिने वरच्या देशातल्या धरणाचे दरवाजे बंद!

"माझी माणसं पितील काय?" ओबेरू म्हणाले.

वरच्या देशाचा मंत्री चकित! "आम्ही कुठं मागितलं हे? तुम्हीच कबूल केलंय, असं आम्हाला सांगण्यात आलं!"

मग घातलं कुणी? बड्या देशाच्या कंपनीला विजेसाठी धरण भरलेलं हवं होतं, मंडळी!

कलम गेलं. तिसऱ्या दिवशी सह्या झाल्या. पत्रकार केव्हाच निघून गेले होते — फोटोसुद्धा नाही! ओबेरूंनी बाईंचे हात धरले. "इतक्या बैठकांना गेलो. 'वाचलंत का?' असं कुणी विचारलं नव्हतं."

आता तुमच्याकडे वळतो! देशाचं झालं — आपलं काय? हक्कसोडपत्रावर बहिणीची सही घेतलीत ना? तिला वाचून दाखवलंत? ... माना का खाली गेल्या?

नामस्मरण करू की, जरूर करू. पण ज्याची मान खाली गेली, त्यानं आधी बाहेर जाऊन बहिणीला फोन लावावा. आम्ही थांबतो!