कारण निवडा

जगदेवीकाकू : नाही, ते 'इतर' काढ आधी.

महेश्वरी : काकू, 'इतर' सगळ्याच सर्व्हेत असतं. लोकांना काही वेळा सांगायचं नसतं.

जगदेवीकाकू : सांगायचं नसतं म्हणूनच तर विचारतोय आपण. इतकी वर्षं झाली मला सोलापुरात सात रस्ता चौकात लग्नं जमवायला. मुलगी बघायला येतात, खातात, पितात, पत्रिका खिशात घालतात. आणि जाताना जिन्यात चपला घालता घालता काय म्हणतात?

महेश्वरी : कळवतो.

जगदेवीकाकू : कळवतो. आणि कळवलंय कुणी आजवर? तोंडावर नाही म्हणायला जीभ रेटत नाही कुणाची. कळवतो म्हणजे नाही, हे आपण समजून घ्यायचं. कारण विचारलं तर म्हणतात, तसं काही नाही हो. तसं काही नाही, मग काय आहे? म्हणून पदरचे पैसे घालून हे सॉफ्टवेअर घेतलं. मोबाइलवर बोट टेकवायला कुणाला लाज वाटत नाही. पण 'इतर' ठेवलंस की सगळे तिथंच बोट टेकवणार. काढ.

महेश्वरी : काढलं.

जगदेवीकाकू : आता वाच बघू.

महेश्वरी : 'मुलगी पसंत नसल्यास कारण निवडा.' रंग. उंची. वय. शिक्षण. नोकरी. पत्रिका. घरची परिस्थिती. केंद्राकडून चुकीची माहिती मिळाली.

जगदेवीकाकू : हे शेवटचं कुणी घातलं?

महेश्वरी : सॉफ्टवेअरच्या नमुन्यात होतं. आपलं काम कसं वाटलं ते गिऱ्हाइकाला विचारतात ना, तसं.

जगदेवीकाकू : म्हणजे आपल्याच हातानं आपल्या तोंडाला काळं फासायचं. आमच्या केंद्राकडून चुकीची माहिती जात नसते. काढ तेही. आणि रंग का गं सगळ्यात वर?

महेश्वरी : लोक जास्त वेळा तेच मनात धरतात म्हणून.

जगदेवीकाकू : तुझ्या वेळेला रंग नव्हता, वय होतं. वय वर घे. हां. आणि याला ती लाल चांदणी दे. कारण भरल्याशिवाय पुढं सरकायलाच नको कुणी.

महेश्वरी : दिली.

जगदेवीकाकू : आता तो चौकोनांचा नकाशा दाखव. सॉफ्टवेअर द्यायला आलेल्या त्या पुण्याच्या पोरानं भराभरा सांगितलं, मला काही कळलं नाही.

महेश्वरी : सोपं आहे. एक चौकोन म्हणजे एक काम. चौकोन ओढून आणायचे आणि बाणानं जोडायचे. हा पहिला, मुलगी बघण्याचा कार्यक्रम झाला. इथून बाण इकडं, मुलाकडच्यांना सर्व्हे जातो. पुढं दोन फाटे. होकार आला तर तुम्हाला मेसेज. नकार आला तर कारण विचारतो.

जगदेवीकाकू : आणि उत्तरच आलं नाही तर?

महेश्वरी : तर तिथंच थांबतो.

जगदेवीकाकू : थांबून काय करायचंय? आठ दिवस घाल. आठ दिवसांत उत्तर नाही म्हणजे नकार.

महेश्वरी : पंधरा ठेवू या की, काकू. कुणाचं माणूस बाहेरगावी असतं. कुणाला घरात विचारायचं असतं.

जगदेवीकाकू : कुणाला गं?

महेश्वरी : कुणालाही. सहज म्हटलं.

जगदेवीकाकू : सहज कसलं. तुला बघून गेलेल्या कुर्डुवाडीच्या स्थळाचं बोलतेस तू.

महेश्वरी : त्यांच्या आत्या नातेपुत्याला असतात. त्या आल्याशिवाय त्यांच्यात काही ठरत नाही म्हणे. बिरदेव स्वतःच म्हणाले मला.

जगदेवीकाकू : 'बिरदेव म्हणाले.' नाव घ्यायला लागलीस की. उखाणा पण तयार असेल.

महेश्वरी : तसं नाही, काकू.

जगदेवीकाकू : आणि काय काय म्हणाले? दहा मिनिटं गच्चीवर बोलायला सोडलं होतं तुम्हाला.

महेश्वरी : म्हणाले, रेल्वेच्या क्वार्टरला पाणी एक दिवसाआड येतं, चालेल का. मी म्हटलं, सोलापुरात पाच दिवसांआड भरतो आम्ही. तर हसले. मग म्हणाले, मी वर्कशॉपमधून येतो तेव्हा कपडे तेलकट असतात, ते मीच धुतो, तुम्हाला लावणार नाही.

जगदेवीकाकू : आणि तेवढ्यावर तू मनात संसार मांडलास. तिशी कधीच ओलांडलीय तू. या वयात जरा बेतानं हुरळावं माणसानं. आठच दिवस ठेव.

महेश्वरी : ठेवले.

जगदेवीकाकू : आता नवा चौकोन घे. मुलगी तिशीच्या वर आणि तीन नकार झालेले, की तिचं नाव आपोआप पुनर्विवाह विभागात.

महेश्वरी : काकू, तिथं बायको गेलेली, सोडचिठ्ठी झालेली माणसं असतात. लग्नच न झालेली मुलगी तिथं कशी घालायची?

जगदेवीकाकू : घालतोच की आपण. तुला काय नवीन आहे? आजवर मी बापाला बोलवून घ्यायची, चहा पाजायची, गोडीनं सांगायची की आता बिजवर बघा, दोन लेकरं आहेत पण पगार चांगला आहे. बाप इथं माझ्यासमोर बसून डोळे पुसायचे. मला कंटाळा आलाय त्याचा. परस्पर मेसेज जाऊ दे.

महेश्वरी : फक्त वडिलांना ना?

जगदेवीकाकू : वडिलांना, आणि जे 'कळवतो' म्हणून बसलेत त्यांनाही. स्थळ हातचं चाललं म्हटल्यावर घाई करतील.

महेश्वरी : मुलाकडच्यांना नको, काकू. पुनर्विवाह वाचून ते भलतंच समजतील.

जगदेवीकाकू : समजू देत. ओढ बाण.

महेश्वरी : ओढला.

जगदेवीकाकू : झालं? मग चालवून बघू.

महेश्वरी : आधी खोटं नाव घालून बघते. माझ्याच मोबाइलवर मेसेज येईल, बाहेर कुणाला जाणार नाही.

जगदेवीकाकू : खोट्या नावानं खोटंच कळणार. खरं स्थळ घे. तुझं घे.

महेश्वरी : माझं नको.

जगदेवीकाकू : मग काय लोकांच्या पोरींवर प्रयोग करायचा? त्यांनी पैसे भरलेत. तुझं नाव मी फुकट लावून घेतलंय.

महेश्वरी : काकू, ऐका. हे तारखेवरून चालतं. कुर्डुवाडीच्यांना येऊन गेल्याला आठ दिवस उलटलेत. चालू केलं की सर्व्हे जायच्या आधीच ते नकारात पडणार. आणि माझे आधीचे नकार आहेतच त्यात.

जगदेवीकाकू : बरंच आहे की. सगळे चौकोन चालतात का ते एकदम कळेल. सरक तिकडं. हे हिरवं दाबायचं ना?

महेश्वरी : एक मिनिट थांबा, मुलाकडचा बाण तेवढा काढते.

जगदेवीकाकू : दाबलं.

महेश्वरी : काकू.

जगदेवीकाकू : बघ कसे एकामागून एक हिरवे होतायत. पैसे वाया नाही गेले म्हणायचे. काय झालं तुला?

महेश्वरी : वडिलांचा मेसेज आमच्या आप्पांना गेला. चष्मा लावूनही त्यांना मोबाइलवरचं बारीक दिसत नाही. शेजारच्या हुसेनसाबांना दाखवतात आणि ते मोठ्यानं वाचतात.

जगदेवीकाकू : मग वाचतील हुसेनसाब. त्यांना काय माहीत नाही? त्यांची समरा तुझ्या मागची, तिचा मुलगा शाळेत जातो आता.

(केंद्राचा फोन वाजतो. काकू तो स्पीकरवर टाकतात.)

रंभाबाई : जगदेवीबाई हायती का? मी कुर्डुवाडीवरनं रंभाबाई बोलतीया. बिरदेवची आई.

जगदेवीकाकू : बोला की, रंभाबाई.

रंभाबाई : आत्ता तुमच्याकडनं मेसेज आला. बिरदेवनंच वाचला. पोरीचं नाव पुनर्विवाहात घातलंय म्हनं. आमाला तर तुमी पहिलंच लगीन हाय म्हनून सांगितलं व्हतं.

महेश्वरी : पहिलंच आहे, मावशी. मी महेश्वरी बोलतेय. कॉम्प्युटरवर आम्ही एक नवीन काम करत होतो, त्यातून चुकून गेलाय तो.

रंभाबाई : पोरी, तू तर न्हाय म्हननारच की. तुज्यावर राग न्हाय माजा. पर ह्ये मधल्या मानसानं सांगायचं असतंय. जगदेवीबाई, आज सकाळी आमच्या वन्सं आल्या नातेपुत्यावरनं. फोटू बघितला, लई आवडली त्यास्नी. बिरदेव तर पहिल्या दिसापासनं तयार हाय. मी होकार सांगाय तुमाला फोन लावत हुते, तवर ह्यो मेसेज. आता वन्सं म्हनत्यात, पहिलं लगीन लपवून पोरगी गळ्यात मारत्यात.

जगदेवीकाकू : असं म्हणाल्या?

रंभाबाई : म्हनत्यात. पर मी म्हनलं, बाई एवढी वर्सं ह्या कामात हाय, तिला इचारू. तिचा शबुद आमाला बास. तेवढं एक सांगा. पोरीचं आदी लगीन झालं व्हतं का न्हाय? तुमी न्हाय म्हनलासा की मी हितं साखर वाटती.

महेश्वरी : काकू, सांगा ना.

जगदेवीकाकू : रंभाबाई, आमच्या केंद्राकडून चुकीची माहिती जात नाही.

रंभाबाई : म्हंजी झालं व्हतं?

जगदेवीकाकू : तसं कुठं म्हटलं मी? माझ्याकडं किती तरी मुली आहेत, सगळ्यांचं तोंडपाठ कसं असणार? बघावं लागेल. बघते आणि कळवते.

रंभाबाई : कळवता.

जगदेवीकाकू : हो. एक-दोन दिवसांत कळवते.

रंभाबाई : ऱ्हाऊ द्या. समजलं मला. ठिवते.

महेश्वरी : मी रोज तुमच्यासमोर बसते, काकू. तुमच्या पिंकीबरोबर शाळेत होते. माझं लग्न झालंय की नाही, हे तुम्हाला बघावं लागतं?

जगदेवीकाकू : मग काय सांगू त्यांना? आमचं मशीन काहीही मेसेज पाठवतं म्हणून? त्या नातेपुत्याच्या बाईनं पंचक्रोशीत सांगितलं असतं ते. कोण येईल मग इथं नाव नोंदवायला?

महेश्वरी : मशीननं नाही पाठवला. तुम्ही दाबलंत. मी थांबा म्हणत होते.

जगदेवीकाकू : बरं, मी दाबलं. पुढं?

महेश्वरी : पुढं एक 'नाही' म्हणायचं होतं. तेवढंच. मला आवडला होता तो, काकू. इतक्या जणांसमोर बसले मी, कुणी मला काही सांगितलं नव्हतं, नुसतं बघायचे. त्यानं कपड्यांचं सांगितलं. घरी येऊन मी आईच्या फोटोसमोर बसून रडले होते, आनंदानं.

जगदेवीकाकू : दिसत होतं की मला. दुसऱ्या दिवसापासून तुझं कामात लक्ष नव्हतं. तू कुर्डुवाडीला जाऊन बसल्यावर हे चौकोन कुणी ओढायचे? पिंकीला धड फोन उचलता येत नाही. आणि या पगारात दुसरी कोण येतेय मला?

महेश्वरी : म्हणून?

जगदेवीकाकू : म्हणून बिणून काही नाही. तू विचारलंस, मी सांगितलं. इथं पंख्याखाली खुर्ची आहे, महिन्याला पगार आहे, मी काही तुला हाकलत नाही. वाईट काय चाललंय तुझं?

महेश्वरी : मी स्वतः जाते उद्या कुर्डुवाडीला. समोर बसून सांगते त्यांना.

जगदेवीकाकू : जा की. स्वतःचं लग्न ठरवायला मुलगी आपल्या पायानं मुलाच्या दारात आली म्हटल्यावर वन्संना बोलायला अजून एक मिळेल. आप्पांना पण घेऊन जा बरोबर. त्यांनाही ऐकू दे.

(महेश्वरी डोळे पुसते.)

जगदेवीकाकू : रडायचं असेल तर आत जाऊन रड. चारला मंद्रूपची मंडळी यायची आहेत. आणि हे काय, हा एक चौकोन लाल का झाला?

महेश्वरी : कुर्डुवाडीचं स्थळ नकारात गेलंय. कारण मागतोय. मुलाकडच्यांनी भरलं नाही तर केंद्रानं भरायचं असतं.

जगदेवीकाकू : मग भर.

महेश्वरी : लाल चांदणी आहे. रिकामं सोडता येत नाही.

जगदेवीकाकू : कोण सोड म्हणतंय? भर म्हटलं ना.

महेश्वरी : जे खरं कारण आहे ते यात नाही, काकू. ते तुम्ही काढायला लावलंत. 'इतर' पण नाही.

जगदेवीकाकू : मग वय टाक.

महेश्वरी : आप्पांचा फोन येतोय.

जगदेवीकाकू : घे नंतर. आधी वय टाक.